दुतोंडी देव आणि गलबत

क्लेमेंटी, सिंगापूर
४ मे २०२५

चि. सौ. शैला हिस सविताताईचे पोटभर आशीर्वाद.

फोनवर बोललं की सूनबाई ऐकते, म्हणून पत्र. आमच्या मजल्यावर चंद्रशेखरराव म्हणून एक विधुर आहेत, बँकेतून रिटायर झालेले. ग्रीक-रोमन नाण्यांची डबी घेऊन रोज बिल्डिंगखाली बाकावर बसतात. एका नाण्यावर बैलावर बसलेली पोरगी. म्हणे देवांचा राजा झ्यूसच बैल झाला नि तिला समुद्रापार पळवलं. मी म्हटलं, आमच्याकडे असल्या बैलाला वेसण घालतात. दुसऱ्यावर चक्क घुबड! विद्येच्या देवीचा पक्षी म्हणे. म्हणजे गुरुजी मला घुबड म्हणायचे तो मानच होता. असला शिष्ट माणूस, आणि शर्टाची बटणं वरखाली!

लेक यशोधन माझा इथे राहायचा व्हिजिट पास वाढवू म्हणतोय. बघू.

लोभ आहेच, तो उतू जाऊ दे.
तुझी ताई

आष्टा
१६ मे

ती. ताईस शैलाचा सा. न. वि. वि.

लेकाबद्दल एक ओळ नि नाणेवाल्याची बटणंसुद्धा मोजलीस! इतकी नावं तू फक्त आमच्या कैलासवासी भावजींना ठेवायचीस, लग्नाआधी. खरं सांग, विचारलंय का त्यांनी? माझ्यासाठी म्हणून परत येऊ नकोस. पण येणार नसलीस तर आधी कळव, रडायला वेळ लागतो.

माया पातळ करू नकोस.
शैला

क्लेमेंटी
२८ मे

चि. शैलास आशीर्वाद.

विचारलं. लग्न करू, इथेच राहा म्हणाले. मी म्हटलं, त्रेसष्टाव्या वर्षी हळद? आणि आष्टा सुटत नाही माझ्याच्यानं. तर काशाचं जाडजूड रोमन नाणं काढलं. एका बाजूला दोन तोंडांचा जानस, दुसऱ्या बाजूला गलबत. मी म्हटलं, दुतोंडी माणसं पुष्कळ पाहिली, पण त्यांना पुजणारे हेच. ते म्हणाले, हा दाराचा देव, एक तोंड गेलेल्यांकडे, एक येणाऱ्यांकडे. मी नाणं हातात घेऊन दोन्ही तोंडं नीट पाहिली.

मग म्हणाले, रोमची पोरं हे उडवून डोकी की गलबत म्हणायची. डोकी आली तर इथे, गलबत आलं तर आष्टा. उडवलं. गलबत. एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून म्हणाले, सुखरूप जा. एवढा शिकलेला, अक्कल शून्य! मी विचारलं, गलबतात एकाच माणसाला बसायची परवानगी असते का?

तर बारा जूनला आम्ही दोघं येतोय, राहायलाच. यशोधन दोन दिवस बोलला नाही, आज त्यानंच तिकिटं काढली. नात इरा म्हणाली, आजी, सो स्टेडी लाह! म्हणजे इथल्या बोलीत शाब्बास. गावाला तूच सांग, तुझा आवाज मोठा.

गाव हसेल, तूही हस, पण लोभात कपात नको.
तुझी घुबडताई