बसायची नोकरी

५ जून
दीड वर्ष चपला झिजवल्यावर आज एकदाची नोकरी लागली! दादाच्या घरी राहते, दादाचंच खाते, हे वहिनी कधी विसरू देत नाही. आज मात्र तिने न मागता चहा दिला. काम ऐकाल तर हसाल. कंपनी मोठी, रोज मुलाखती चालतात. बाहेरच्या हॉलमध्ये मी उमेदवार असल्यासारखं बसून राहायचं, एवढंच. गर्दी दिसली की माणूस पगारासाठी घासाघीस करत नाही, असं मॅनेजरबाई म्हणाल्या. कुणी कंटाळून उठला, तर गोड बोलून बसवायचं. बसून पगार! मला जन्मभर आळशी म्हणणाऱ्यांनी बघावं आता.

९ जून
हॉलला खिडकी नाही. भिंतीला लागून खुर्च्या, कोपऱ्यात पाण्याचं मशीन, समोर मुलाखतीची खोली. आत गालिचा आहे म्हणून जोडे दाराशी काढायचे. माझ्यासारखे पगारी बसणारे आणखी तिघं आहेत. त्यातला टकलू सगळ्यात जुना. मी ओळखीचं हसले की तिघंही तोंड फिरवतात. जसं काही मी त्यांच्या ताटातलं ओढून घेतलंय.

आज एक नर्स उठून निघाली होती. बाळाला पाळणाघरात ठेवून आलेय, उशीर होतोय म्हणाली. मी म्हटलं, एवढं थांबलात, आता थोडक्यासाठी कशाला जाता? बसली बिचारी, आणि लगेच तिचा नंबर आला. मॅनेजरबाईंनी लांबूनच मान डोलावली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

१६ जून
दादाची नोकरी गेली. वहिनी रडली नाही, नुसती भिंतीकडे बघत राहिली. ते जास्त वाईट होतं. सकाळी मॅनेजरबाईंच्या कानावर घातलं, सख्खा भाऊ आहे, हुशार आहे, जरा बघा. लगेच हो म्हणाल्या! पुढच्या आठवड्यात त्याला बोलावलंय. आपणही कुणाचा वशिला होऊ शकतो, हे मला ठाऊकच नव्हतं. जेवताना दादाने मला आग्रहाने वाढलं.

१९ जून
आत गेलेलं माणूस परत आलेलं मी अजून पाहिलेलं नाही. मागे दुसरं दार असेल असं धरून चालले होते. आज डबा खाऊन झाल्यावर इमारतीला फेरी मारली. मागची भिंत सलग आहे. दार नाही, झरोकासुद्धा नाही.

टकलूला विचारलं. पगार मिळतो ना, मग गप बसा, म्हणाला.

मुद्दाम शेवटपर्यंत थांबले. शिपायाने दाराशी राहिलेले जोडे पोत्यात भरले. टकलूने त्यातून आपल्या मापाचे बूट काढून घेतले. पोत्यात खाली नर्सच्या पांढऱ्या चपला होत्या. मीच तिला बसवली. मीच. तिचं बाळ —

२१ जून
दादाला सांगितलं, येऊ नकोस. सगळं सांगितलं. तो हसला. वहिनी म्हणाली, ह्यांना तिथे लागली तर हिला कोण विचारणार, म्हणून हे नाटक. मी तिच्या पाया पडले. तिने पाय मागे घेतले.

२३ जून
दादा आलाय. समोर बसलाय. माझ्याकडे बघत नाही. वही गुडघ्यावर ठेवून लिहितेय.

उभी राहिले. ओरडले. पळा, आत गेलेलं माणूस परत येत नाही. कुणी हललं नाही. एक बाई शेजारणीला म्हणाली, आपल्याला हाकलून स्वतः जागा पटकवायचीय हिला. सगळे आणखी घट्ट बसले. बाहेर जायला निघालेला एक जण दारातून परत येऊन बसला.

मॅनेजरबाई रागावल्या नाहीत. जवळ येऊन हळूच म्हणाल्या, वा, ही युक्ती आम्हाला सुचली नव्हती —

दादाला बोलावलं. बूट काढतोय. मी आडवी आले. त्याने ढकललं. दादाने, मला. म्हणाला, तुला माझं चांगलं बघवत नाही —

गेला.

दार लागायच्या आत डावा हात घातला. दार दाबतंय. आत गालिचा नाही. जमीनच लागत नाही हाताला. गार —

कुणीतरी धरलं. दादा! दादाचाच हात. ओढतेय. एकटीला झेपत नाही. ओरडले, कुणीतरी ओढू लागा हो. खुर्च्या गच्च भरलेल्या, सगळे बघतायत —

एक जण उठला. उठला! येतोय. दादा, धरून ठेव, माणूस येतोय, तो —

तो माझ्या खुर्चीवर जाऊन बस