दीपेशची खुर्ची

सरळगाव, ता. मुरबाड
१२ फेब्रुवारी २०२४

ती. ताईस,
रविनाचा सा. न. वि. वि.

फोन सोडून कागद घेऊन बसले म्हणून हसू नको. फोनवर आपण दोघी आधी रडतो, मग रेंज जाते, आणि बोलायचं ते राहूनच जातं.

दीपेशचं वर्षश्राद्ध नीट पार पडलं. परत येताना तुमच्या ओट्यासमोरच्या स्टॉपवर उभे होतो, तर एका म्हातारीने सवयीने ओट्याकडे वळून विचारलं की मुरबाड गाडी गेली का रे पोरा. मग तिचं तिलाच आठवलं आणि तिने तोंडाला पदर लावला. सात वर्षं त्या चाकाच्या खुर्चीत बसून पोराने अख्ख्या किन्हवलीला गाड्यांचे टाइम सांगितले. शेवटी हात उचलेना तेव्हा मानेने सांगायचा. सतरा वर्षांचं आयुष्य, पण त्याच्यामुळे कुणाची गाडी चुकली नाही.

आमचा भाविक मजेत आहे. चार पूर्ण झाली. पायरी चढताना दमतो, पळताना सारखा आपटतो, म्हणून धनेश त्याला धडपड्या म्हणतात. पण पोटऱ्या बघशील तर पैलवानाच्या! सासूबाई रोज तेल चोळतात आणि आल्यागेल्याला दाखवतात.

एक विचारू? दीपेशच्या फोटोला पाया पडून भाविक उठला, तेव्हा तू त्याच्याकडे अशी काय बघत राहिलीस? नंतर पानावर बसलीस ती नुसतीच. शेणव्याच्या भागीबाईंनी नातीसाठी खुर्ची मागितली होती, ती दिलीस का?

भावोजींना नमस्कार. माया आहेच, ती पत्रानेही कळव.
तुझी,
रविना

किन्हवली, ता. शहापूर
१९ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. रविनास,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तीन कागद फाडले, हा चौथा. घरात कुणी नसताना वाच.

भाविक जमिनीवरून सरळ उठला नाही गो. आधी त्याने हात जमिनीला टेकले, मग गुडघ्यांवर, मग मांड्यांवर, आणि स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहिला. दीपेश अस्साच उठायचा. आणि पोटऱ्यांचं म्हणशील तर आम्हीही मिरवल्या होत्या. ह्यांनी एका हळदीत त्याची चड्डी वर करून सगळ्या मांडवाला दाखवल्या होत्या. मग मोठ्या इस्पितळात कळलं की ती ताकद नव्हे, तीच दुखण्याची खूण.

आता जे लिहिते त्यासाठी मला काय हवं ते बोल. डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते की हे आईच्या रक्तातून मुलाला येतं, तिच्या बहिणींनीही तपासून घ्यावं. तेव्हा तुला स्थळं येत होती. जुळत आलेलं मोडेल म्हणून मी गप्प बसले. धाकटीचं भलं करते आहे असंच वाटलं होतं मला.

आणि दीपेश जायच्या आधीच्या गणपतीत तू भाविकला घेऊन आली होतीस. तो ओट्याची पायरी चढत होता. दीपेशने बघितलं आणि मला म्हणाला, की आये, मावशीला सांग, याचंबी माझ्यासारकंच हाय. मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. त्याला तो हात बाजूला करायचीही ताकद नव्हती, रविना. परत त्याने तो विषय काढला नाही.

मुलाच्या रक्ताची तपासणी कर. माझं चुकलेलं ठरो, देवाजवळ तेवढंच मागते. खुर्ची अजून ओट्यावरच आहे.

राग ठेव, लोभही ठेव, पण उत्तर पाठव.
तुझी,
मैनाताई

सरळगाव
२७ फेब्रुवारी २०२४

ताई,

सा. न. लिहायला हात होईना.

सासूबाईंना अर्धंच सांगितलं, तर त्या म्हणाल्या की ज्या घरचा पोर गेलाय त्या घरची नजर बरी नाय. त्यांनी लगेच भाविकवरून मीठमोहरी उतरवली. मी त्यांना अडवलं नाही. मलाही तसंच म्हणावंसं वाटत होतं.

तू तेव्हा बोलली असतीस तर मी तपासून घेतलं असतं, आणि कदाचित भाविक झालाच नसता, असं मनात आलं. तेवढ्यात तो पाठीमागून येऊन गळ्यात पडला आणि मी जीभ चावली. आता तुझ्यावर रागावायचं तरी कसं, तेही कळेना.

काल मी अंगणात मूठभर चणे सांडले आणि त्याला वेचायला सांगितलं. त्याला खेळ वाटला. तो वाकायचा, वेचायचा, आणि उठताना हात गुडघ्यावर, मग मांडीवर. मी परत सांडले. परत तसंच. तिसऱ्यांदा सांडायला गेले तर म्हणाला, आई दमलो.

ताई, मला फार भीती वाटते. त्याच्याकडे बघायचीच भीती वाटते.
रविना

किन्हवली
२ मार्च २०२४

चि. रविनास आशीर्वाद.

तपासणीला तू एकटीने जायचं नाही. दीपेशच्या वहीत सकाळची मुरबाड गाडी सात दहाची लिहिलेली आहे, आणि पुढे 'सोमवारी लेट' अशी त्याचीच टीप. म्हणून मंगळवारी येते. तुझ्या स्टॉपवर भाविकला घेऊन उभी राहा, मी खिडकीत असेन. धनेशरावांना मी समजावते. सासूबाईंनी मला दारात घेतलं नाही तर गाडीतूनच पुढे जाऊ.

त्याच्याकडे बघायची भीती मलाही वाटायची. मी दीपेशचे पायच बघत राहिले, कधी थांबतील, कधी वाकडे होतील. तो मात्र सगळा वेळ रस्ता बघत होता. तू भाविकचं तोंड बघ गो.

मायेत कमी पडले, ती आता भरून काढू दे.
मैनाताई

सरळगाव
२३ एप्रिल २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दुसरी, मोठी तपासणीही आली. दीपेशला होतं तेच आहे. धनेश रिपोर्ट आणायला गेले होते. तिथे बाकावर बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. घरी आल्यावर सासूबाईंनी तेलाची वाटी माळ्यावर ठेवून दिली आणि आता त्या कुणालाच काही दाखवत नाहीत.

रिपोर्ट दाखवले तेव्हा डॉक्टर म्हणाले की लवकर आलात. औषधं आणि व्यायाम आत्तापासून केले तर तो जास्त वर्षं चालेल. बरा होईल असं मात्र ते म्हणाले नाहीत, मी दोनदा विचारलं तरी. मग त्यांनी विचारलं की आधी कुणाच्या लक्षात आलं. मी सांगितलं, त्याच्या दादाच्या. ते म्हणाले, हुशार आहे, त्यालाही आणा एकदा. मी हो म्हटलं.

तुझ्यावरचा राग अजून आहे, खोटं कशाला बोलू. पण इथे माझी भीती कळणारं तुझ्यावाचून कुणी नाही. पुढल्या तारखेलाही तूच ये.

भागीबाईंची नात किती दिवस अडकून राहणार? खुर्ची त्यांना नेऊ दे. फक्त कायमची देऊ नको ताई. उसनी दे.

तुझ्याच आधारावर असलेली,
रविना