वरच्या तीन खोल्या आणि ताईची उडी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, विद्यापीठाच्या नकाशा विभागातून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. अलीकडे दुपारी खिडकीत बसल्या बसल्या मी जरा तरंगते, हे खरं. पण त्याला भ्रम समजू नये. डॉक्टरीणबाईंनी तसा दाखला दिला आहे.

कलम १. राहत्या घराचा तळमजला माझी थोरली बहीण, म्हणजे ताई, हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहील. तिथून तिला कोणी हलवू नये, गोडीगुलाबीनेसुद्धा नाही.

कलम २. वरच्या तीन खोल्या विद्यापीठाला. घरून पाठबळ नाही, पण अंगात खेळ आहे, अशा मुलींनी तिथे राहून शिकावं. कारण नमूद करते.

आमच्या वडिलांची लाँड्री होती. मागच्या अंगणात ओल्या चादरी वाळायच्या; वाऱ्याने फुगल्या की सगळं अंगणच जमिनीपासून सुटल्यासारखं वाटायचं. चादरी काढल्या की त्या दोरीवरून आम्ही दोघी उड्या मारायचो. ताई माझ्यापेक्षा वीतभर उंच जायची. विद्यापीठाचे प्रशिक्षक कपडे टाकायला आले, त्या दिवशी ताई गिऱ्हाइकांकडे गठ्ठे पोहोचवायला गेली होती. त्यांनी मला दोरीवरून उडी मारताना पाहिलं. खेळाडूंसाठी राखलेली जागा मला मिळाली. ताईबद्दल मी चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्याच वर्षी गुडघा गेला. कार्यालयातल्या मोठ्या साहेबांनी माझं नाव कमी करायचं ठरवलं. प्रशिक्षक टोपी हातात घेऊन त्यांच्या टेबलासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "जागा पोरीला दिली आहे, तिच्या गुडघ्याला नाही." नाव राहिलं. मी भूगोल शिकले, पुढे पस्तीस वर्षं डोंगरांच्या उंचीच्या रेषा काढल्या. काढता काढता पायाखालची जमीन अलगद निघून जायची आणि कागदावर वारा सुटल्यासारखा वाटायचा. त्या वेळी मला कोणी हाक मारली तर ऐकू यायची नाही.

कलम ३. नकाशाची पेनं, भिंग आणि कंपास भाच्याला. तो ती वापरणार नाही, पण विकणारही नाही. मोठ्या साहेबांवरचा राग मी कोणालाच देत नाही. इतकी वर्षं जपलाय, तो माझ्याबरोबर येऊ दे.

कलम ४. मागच्या महिन्यात ताईला सगळं सांगितलं. ती चादरीची घडी घालत होती. ऐकून घेतलं, मग म्हणाली, "त्या दिवशी परत आल्यावर मीही उडी मारली होती गं. बघायला कुणी नव्हतं, एवढंच." आणि चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. आम्ही घडी पुरी केली.

म्हणून वरच्या खोल्यांना दोन अटी घालते. दुखापत झाली म्हणून कोणत्याही मुलीची खोली काढून घेऊ नये. आणि निवड करताना प्रत्येकीला विचारावं, तुझ्या घरात तुझ्याहून सरस कोण आहे? ती जिचं नाव घेईल, तिलाही बोलवावं.

स्थळ: राहतं घर, वरची पूर्वेकडची खोली
दिनांक: चौदा, रविवार, सकाळी

सही: लिहून देणार

साक्षीदार:
१. दाखला देणाऱ्या डॉक्टरीणबाई (सही)
२. समोरचे चष्मेवाले, यांनी दोनदा वाचून, चष्मा पुसून सही केली (सही)