पास झालेल्या गाडीचा हॅण्डब्रेक

पौड, सोमवार, १२ मार्च १९६२

आपली भाड्याने चालणारी जुनी वॅगन आज पुण्यात सरकारी तपासणीत पास झाली. तीन वर्षांत पहिल्याच फेरीत पास होण्याची ही पहिलीच खेप. तपासणीच्या साहेबांनी सपाट जागेवर हॅण्डब्रेक ओढून पाहिला आणि सही केली. मग जीव थाऱ्यावर का नाही?

परत येताना गावातल्या हसनचाचांची लेक गाडीत होती, बाळंतपणाला माहेरी निघालेली. पिरंगुटच्या घाटात इंजिन तापलं. हॅण्डब्रेक ओढून पाणी घालायला उतरलो, तर गाडी मागे सरकू लागली! चाकामागे धोंडा लोटला तेव्हा थांबली. धोंडा हाताशी नसता तर? पोरगी दाराला घट्ट धरून बसली होती. त्या हॅण्डब्रेकची मूठ अजून हाताला जाणवतेय.

उद्या चाचांच्या घरचे आठजण याच गाडीने लग्नाला निघणार होते. संध्याकाळी जाऊन सांगितलं, उद्या गाडी निघणार न्हाई.

"आजच पास झाली न्हवं?" चाचा म्हणाले.

"कागदावर झाली, चाचा. घाटात न्हाई."

ते लेकीकडे बघून म्हणाले, "आमी यष्टीनं जातो. पर दुसऱ्या कुणालाबी बसवू नगंस."