सुपडूच्या वाळूतलं तेल

प्रिय सुपडू,

अक्षय तृतीयेला, आपल्या आखाजीला, तुझ्या घरी जाऊन आलो. जे तुला सांगायचं होतं ते तुझ्या आईला सांगून आलो. ऐकायला तू राहिला नाहीस आणि ऑफिसात आता कुणाशी बोलावंसं वाटत नाही, म्हणून हे पत्र. रजा थोडी उरली आहे. रावेरला आमच्या ओट्यावर बसून लिहितोय. समोरून केळीचे ट्रक जातात, त्यांची धूळ कागदावर येते, ती झटकत झटकत. थकलोय रे. प्रवासाने नाही.

आपल्या चाचणीचा निकाल लागला. तुझी वाळू एक नाही. माझंच बरोबर निघालं.

बघ, लिहून टाकलं. हे वाक्य तुझ्या तोंडावर म्हणायची किती हौस होती मला! कँटीनमध्ये, सगळ्यांच्या देखत, तुझ्या ताटातली भजी उचलत म्हणणार होतो. आता लिहिताना ते एखाद्या सरकारी नोटिशीसारखं वाटतंय.

त्या दमट किनाऱ्यावरच्या गावात आपण दोघेच खान्देशी. तू धुळ्याचा, मी रावेरकडचा. तू तुझ्या अहिराणीत बोलायचास, मी माझ्या बोलीत उत्तर द्यायचो आणि साहेबांना वाटायचं, हे दोघं कायम भांडतात. तसे भांडायचोच म्हणा. तू भूगर्भवाला. समुद्राखालून काढलेले दगडाचे दांडे हातात घेऊन, भिंग लावून, कधी जिभेने चाटून तू सांगायचास की ही वाळू कुठून आली, कशी बसली. माझं काम पुढचं. त्या वाळूत तेल किती, कोणत्या विहिरीतून किती वर्षं निघेल, तो हिशोब माझा. तू नकाशा काढायचास आणि मी त्याला भोकं पाडायचो.

तुझी ती बरणी आठवते? नवीन माणूस आला की त्याला धडा द्यायला तू काचेच्या बरणीत वाळू, चिखल, पाणी घालून हलवायचास आणि टेबलावर ठेवून द्यायचास. जाड वाळू आधी खाली बसे, मग बारीक, शेवटी वर गढूळ चिखल. "हे असं," तू म्हणायचास. "नदी वाळू आणून समुद्राच्या काठावर ढीग लावते. एक दिवस ढीग घसरतो. वाळू आणि चिखल मिळून उतारावरून खोल अंधारात धावत जातात. उतार संपला की गाळ थकतो आणि बसतो. मग युगानुयुगं नुसती माती. मग पुन्हा एक लोंढा." असे थरांवर थर. आज जिथे आपण विहिरी खोदल्या तिथे तेव्हा किती खोल पाणी होतं, हे तू एवढ्या प्रेमाने सांगायचास की ऐकणाऱ्याला थंडी वाजावी. धुळ्याला हाच प्रयोग तू पांझरेच्या पुराचं पाणी घेऊन तुझ्या आईच्या, अक्कांच्या, लोणच्याच्या बरणीत केलास आणि वर्षभर बोलणी खाल्लीस.

इथपर्यंत आपलं एकमत होतं. भांडण पुढे. तू म्हणायचास, तळाला पोचल्यावर ती वाळू चादरीसारखी पसरली, मैलोन्मैल, सलग. मी म्हणायचो, चादर कसली? ती समुद्रतळावरच्या नाल्यांतून गेली आणि नाल्यांतच बसली. प्रत्येक नाल्याभोवती चिकणमातीची भिंत. एका नाल्यातलं तेल दुसऱ्याला भेटणार नाही. बाहेरच्याला यात काय एवढं, असं वाटेल. पण चादर असेल तर मोजक्या विहिरी पुरतात, समुद्रात प्लॅटफॉर्म उभा राहतो, किनाऱ्यापर्यंत नळ येतो. आणि नाले असतील तर प्रत्येक डबक्याला वेगळी विहीर हवी. तेवढं कुणी करत नाही. फाइल बंद होते.

पहिल्या विहिरीला तेल लागलं तेव्हा तू जहाजावर नाचलास म्हणे. किनाऱ्यावर आल्या आल्या शेजारच्या वाण्याकडे फोन लावून अक्कांना बोलावलंस आणि थाप मारलीस, "माय, आते मन्हं तेल तुन्हा स्टोव्हमां ई." मजेत म्हणालास, पण त्यांनी ते धरून ठेवलं. रेशनच्या दुकानात रॉकेल घेताना दुकानदाराला विचारायच्या, यात माझ्या सुपडूचं आलं का? तो हसायचा. गल्ली हसायची. अक्का मात्र गंभीर. तुझ्याआधीची लेकरं त्यांच्या हाती लागली नाहीत, म्हणून जन्मताच तुला सुपात घातलं, नावही त्यावरूनच ठेवलं. असा जगवलेला मुलगा समुद्रातून तेल काढतो म्हणाला, तर त्यांनी हसण्यावारी का न्यावं?

दुसऱ्या विहिरीलाही तीच वाळू लागली, तेच तेल. दोन्हीकडचे दांडे टेबलावर शेजारी शेजारी ठेवून तू म्हणालास, "देख भागवत, जुड्या बहिणी." मी म्हणालो, जुळ्या बहिणी असतील, पण एका घरात राहतात का? त्या दिवशी तू मला डब्यातली चटणी दिली नाहीस. एवढा राग!

मग ठरलं की भांडण नको, विहिरींनाच विचारू. एका विहिरीतून तेल काढत राहायचं, दुसरी बंद करून तिच्या तळाशी दाब मोजायचं यंत्र सोडायचं. पहिलीतलं तेल जाताना दुसरीचा दाब उतरला, तर दोघींची वाळू एक. चाचणी मंजूर झाली, तयारी सुरू झाली आणि तू म्हणालास, तोवर घरी जाऊन येतो, जरा अंगात कसर वाटते.

सुपडू, इथे मला तुझा राग येतो. अजून येतो. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा चिखल ओळखणारा माणूस तू, आणि स्वतःचे डोळे पिवळे झालेले तुला दिसले नाहीत? धुळ्याला जाऊन काय केलंस, तर काविळीची माळ गळ्यात घालून घेतलीस. माळ लांब होत गेली की कावीळ उतरते म्हणे. माळ लांब होत गेली. मला माहीत आहे, तू ती अक्कांसाठी घातलीस. त्यांनी हातात घेऊन समोर धरली आणि तुला नाही म्हणता आलं नाही. पण माळ घालून दवाखान्यात जाता येत नव्हतं का? दोन्ही करता आलं नसतं? मला एक तार केली असतीस तर मी तुला उचलून नेलं असतं. नेलं तेव्हा उशीर झाला होता. माझ्यापर्यंत बातमी आली, तोवर सगळं आटोपलेलं होतं.

चाचणी झाली. तुझी खुर्ची रिकामी होती, त्यावर कुणीतरी नकाशांच्या गुंडाळ्या ठेवल्या होत्या. पहिली विहीर चालू राहिली, तिचा दाब उतरत गेला. दुसरीचा आलेख मी रोज बघायचो. सरळ रेघ. खरं सांगू? मी वाट बघत होतो ती वाकायची. माझ्या इतक्या वर्षांच्या बोलण्याविरुद्ध मी मनातल्या मनात त्या रेघेला म्हणत होतो, वाक गं बाई, थोडी तरी वाक. त्या दुसऱ्या विहिरीला शेवटपर्यंत पत्ताच लागला नाही की शेजारी काय चाललंय. पहिली बंद केली तर तिचा दाबही पूर्वीच्या जागी चढला नाही. लहानसं डबकं होतं, अर्धं आपणच उपसलेलं.

मीटिंगमध्ये साहेबांनी माझी पाठ थोपटली. म्हणाले, तुमच्यामुळे कंपनी मोठ्या चुकीतून वाचली. मी थँक यू म्हणालो. प्लॅटफॉर्मचं काम रद्द झालं. बाहेर येऊन चहा घेतला, तर तो गारच होता. तसाच प्यायलो.

आणि त्याच आठवड्यात वाण्याच्या दुकानातून अक्कांचा फोन. "भागवतभाऊ, आखाजीले येजो. सुपडूनी पयली घागर शे." गेलेल्याच्या नावाने आखाजीला पाण्याची घागर भरतात, तुझी ही पहिली; मी येतो म्हणालो. फोन ठेवायच्या आधी त्यांनी विचारलंच, "त्यानं तेल निंघनं का?" मी म्हणालो, आल्यावर सांगतो. फोनवर खोटं बोलायचं धाडस नव्हतं आणि खरं बोलायचंही.

जळगावहून एसटीने निघालो. एरंडोल, पारोळा, खिडकीतून भट्टीसारखी हवा. वाटभर ठरवत होतो की खोटं सांगायचं. म्हातारीला काय कळणार आहे? निघालं म्हणावं, रेशनच्या रॉकेलमध्ये आहे म्हणावं. त्या वासाने तरी त्यांना बरं वाटेल. पारोळ्यापर्यंत हे पक्कं झालं होतं.

घरात शिरलो. अक्का खूप वाळल्यात रे. "बठ. पानी पी ले पहिले," म्हणाल्या. पाणी प्यालो. त्यांनी विचारलं नाही, नुसतं बघत राहिल्या. तू दगडाकडे बघायचास तसं. खोटं तोंडातून निघेना.

मी म्हणालो, "अक्का, तेल हाये तिथं. पण थोडं थोडं, येगळं येगळं हाये."

त्यांना कळलं नाही. मग मी आमच्या रावेरकडचं सांगितलं. शेजाऱ्याने बोअर चालू केली की आमच्या विहिरीचं पाणी बसतं, आणि बांधावर भांडण लागतं. म्हणजे जमिनीखाली दोघांचं पाणी एकच. सुपडूला वाटायचं, त्याच्या दोन्ही विहिरींचं तसंच आहे. तसं नाही निघालं. एकीतून काढलं तर दुसरीला काही कळत नाही.

"मंग आते कोनीच काढाव नही का?"

"नाही काढणार अक्का."

त्यांनी माझं रिकामं भांडं उचललं. मग विचारलं, "तू त्याले हाईच सांगे ना? तो म्हने, मन्हा दोस्त सांगस, तेल जास्त नही शे."

मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो? त्या उठल्या आणि आत जाऊन हरभऱ्याची डाळ भिजत घातली. मला वाटलं, या आता माझ्याशी बोलणार नाहीत. बाहेर गल्लीत लेकी माहेरी आलेल्या, लिंबाला झोके बांधलेले, पुरुषांचे पत्त्यांचे डाव रंगलेले. मला कुणीतरी खेळायला हाक मारली. मी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

आखाजीला तुझी घागर भरली. नव्या मातीच्या घागरीवर खरबूज, आपलं डांगर, ठेवलं, वर आंबे. शेजारच्या बायका आल्या, चूल पेटली, मांड्यांचं खापर तापलं. अक्कांनी स्वतः पुरणाचे मांडे केले. त्या वाळलेल्या हातांवर एवढा मोठा मांडा कसा तोलला जातो, मला कळत नाही. तुझा घास विस्तवावर टाकला.

मग माझं पान मांडलं. मला वाटलं, पितर म्हणून बसवतायत, तुझ्या जागी. त्यासाठीच बोलावलं होतं. मी खाली मान घालून बसलो. अक्कांनी पहिला मांडा माझ्या पानात घडी करून ठेवला, आमरस वाढला आणि माझ्यासमोर बसल्या.

"हाई पितरनं नही," म्हणाल्या. "पितरनं त्या पोऱ्याले वाढं. हाई तुन्हं. तू जिकना."

मी मान वर केली, तर पलीकडच्या पानावर गल्लीतला एक पोरगा तुझा पितर म्हणून जेवत होता.

"त्यानी माले सांगेल व्हतं. 'माय, भागवत खरा निंघना, त मी त्याले घर लई येसू. तू त्याले तुन्हा हातना मांडा खावाडजो.' तो ई नही शकना. तू ऊना. खाय."

सुपडू, तू हे कधी बोलला होतास? माझ्याशी तर शेवटपर्यंत चादर चादर करून हुज्जत घातलीस, आणि घरी आईपाशी माझ्या जिंकण्याची सोय करून ठेवलीस? म्हणजे तुलाही शंका होती. त्या दोन दांड्यांकडे बघताना कधीतरी तुलाही ती मातीची भिंत दिसली होती. एकदा मला म्हणाला असतास तर मी तुझ्या बाजूने भांडलो असतो रे. माझा स्वभाव तुला माहीत होता.

मी खाल्लं. अक्का पानाकडे बघत होत्या. संपल्यावर त्यांनी दुसरा वाढला. इतकं गोड आणि इतकं जड मी आयुष्यात काही खाल्लेलं नाही. मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा त्या उठून चुलीकडे गेल्या आणि मला एकटं रडू दिलं.

निघताना एसटी स्टँडपर्यंत आल्या. नको म्हणत होतो, ऐकलं नाही. गाडी सुटायच्या आधी खिडकीला धरून म्हणाल्या, "पुढली आखाजीले येजो. तेलनं काही सांगू नको. जिकू नको, हारू नको. तसाच येजो."

मी हो म्हणालो. तेच वचन तुलाही देतो. त्या आहेत तोवर दर आखाजीला धुळ्याला जाईन. त्यांनी वाढलेलं खाईन, पाणी भरून देईन, दवाखान्यात न्यायची वेळ आली तर माळ बाजूला ठेवून नेईन. आणि कामावरचं एक अक्षर त्या घरात बोलणार नाही, बरोबर आलेलं तर नाहीच.

तुझा,
भागवत