मावशीच्या भिक्षापात्राचं झाकण

नाखोन सावन

ती. नोक ताईस,

धाकट्या ओदचा हात जोडून, मान खाली घालून नमस्कार. (मान का खाली, ते पुढे येईलच.) तुझे गुडघे कसे आहेत? मी बरा आहे. मावशी गेल्यावर तुम काका आता कुठे दोन वेळा नीट जेवू लागलेत.

मावशीच्या शंभराव्या दिवशी विहारात द्यायच्या स्टीलच्या भिक्षापात्रावर तिचं नाव घालायचं काम मी अंगावर घेतलं. दिवसभर पंपांच्या भागांवर लेसरने नंबर टाकणाऱ्या माणसाला त्यात काय अवघड? किरण सावकाश फिरवला की स्टील नुसतं तापून काळं पडतं, अक्षरं उमटतात, आणि चुकलं तर घासून काढता येतात. पण आई गेल्यावर जिने आपल्याला वाढवलं, तिचं नाव घासून जाणारं कसं चालेल? (हे मी काकांसमोर छाती फुगवून म्हणालो, तेच नडलं.) मी खोल कोरायचं ठरवलं. सगळा गाव तिला नोई म्हणायचा, पण झाकणावर कागदोपत्री नाव हवं. काकांना विचारलं. चाळीस वर्षांचा संसार, ते तत्काळ म्हणाले, प्रानोम. त्याच रेषांवरून बारा वेळा किरण फिरवला. नखाला लागेल असं नाव कोरलं.

मग तारीख घालावी म्हणून मृत्यूचा दाखला काढला, तर त्यावर कुणी नत्तनिचा नावाची बाई. मला वाटलं, आपण इतके दिवस परक्या बाईचा कागद उराशी धरून बसलोय. काकांनी बराच वेळ डोकं खाजवलं आणि मग त्यांना आठवलं, की पित्ताशयाच्या ऑपरेशनआधी ज्योतिषाने सांगितलं म्हणून तिने नाव बदललं होतं. त्या नावाने तिला कुणी एकदाही हाक मारली नाही, काकांनीसुद्धा. आता प्रानोम काही घासून निघेना, आणि काका काळजीने अर्धे झाले, की पुण्य भलत्याच बाईला गेलं तर?

शेवटी झाकण घेऊन भंतेंकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून काकांना विचारलं, "घरात हाक कोणती मारायचात?"

"नोई."

"मग दुसऱ्या नावाने ती ओ तरी कशाला देईल?"

परत येऊन प्रानोमच्या खाली मोठ्या अक्षरांत नोई कोरलं. काका त्यावरून बोट फिरवत राहिले. मला रडू आलं. (काकांना धुराचं कारण सांगितलं. धूर ओढणारा पंखा चालू होता.)

तुझा,
ओद

ता. क. काका म्हणतात, झाकण आता पहिल्यापेक्षा चांगलं दिसतं. दिसत नाही.

ता. क. २ खरं काम राहिलंच. झाकणाच्या आतल्या बाजूला देणाऱ्यांची नावं घालायची आहेत, आणि गेल्या नववर्षाला तूही ज्योतिषाकडे जाऊन आलीस. सध्या तुझं नाव काय आहे ते कळव. पाकिटावर 'नोक ताई, बदकाच्या शेवयांचं दुकान, चियांगमाय' एवढंच लिहिलंय, पत्र पोचेल. पण ताई, या खेपेला माणूस हयात असतानाच विचारून ठेवतोय.