भीमीचा आरसा

पुणे, ४ मे १९९७

ती. यशोधरामावशीस सप्रेम जय भीम. वि. वि.

रागावशील हे धरूनच लिहिते. आई आता प्रशांतदादालाही ओळखत नाही. देवळालीला दादाच्या घरी कोणी तिच्या केसांना हात लावला की ओरडते; गुंता इतका झालाय की दादा कापून टाकू म्हणतो. तू तिची जुळी बहीण, आणि गेल्या महिन्यात तूही दूध गॅसवर विसरलीस. दादाच्या मते आईचं झालं तेच तुझं होणार. सावेडीचा फ्लॅट विकून माझ्याकडे ये. त्याने गिऱ्हाईकही पाहिलंय.

लोभ आहे, तो या पत्रानंतरही असू दे.

तुझी प्रज्ञा

सावेडी, अहमदनगर, ९ मे

चि. प्रज्ञा हीस अ. उ. आ.

दूध उतू गेलं तेव्हा मी शेजाऱ्याशी भांडत होते. कशावरून, तेही आठवतं. तुमच्या समाधानासाठी डॉक्टरकडे जाऊन आले. त्याने पंतप्रधान कोण ते विचारलं. म्हटलं, आजचा पेपर अजून वाचला नाही, कालपर्यंतचे सांगते. शंभरातून सात-सात वजा करायला लावले, त्यात तोच दोनदा चुकला.

आता जुळ्यांच्या एकाच रक्ताचं. मिशनच्या बोर्डिंगात एकच जागा होती. सिस्टरने मला घेतलं, कारण दारात मी पुढे उभी होते. भीमीचं, तुझ्या आईचं, चौदाव्या वर्षी लग्न झालं. मला वेळेवर दूध, भाजी, पुस्तकं. ती चाळीस वर्षं उसात राबून सगळ्यांच्या मागून जेवली. टोपल्याच्या तळाची भाकरी आणि मिरची. दूध तुम्हा पोरांना, तिला कोरा चहा. तू प्रयोगशाळेत काम करतेस. जुळ्यांची जनुकं म्हणजे दोन घरांतले तेच बल्ब, पण कोणते लागतात नि कोणते विझतात यात खाण्याचा, जगण्याचा हात असतो, हे तूच माझ्या ओट्याशी बसून सांगितलंस. मला लिहिताना ते शास्त्र कुठे ठेवलंस?

फ्लॅट विकणार नाही. भीमीला महिनाभर इकडे पाठवा.

प्रशांतला आशीर्वाद, गिऱ्हाइकाला नाही.

मावशी

पुणे, १४ मे

ती. मावशीस सप्रेम जय भीम.

मी सांगितलं ते खरं, तरी ते पुरतं कोणालाच अजून कळलेलं नाही. आणि विझलेला बल्ब भाजीने पेटतो असं मी म्हटलं नव्हतं. दादाशी भांडले. रविवारी तो आईला तुझ्याकडे सोडेल. महिन्यात तू थकलीस तर दोघींनी पुण्याला यायचं, कबूल?

रागातली माया कमी करू नकोस.

प्रज्ञा

सावेडी, १५ जून

चि. प्रज्ञा हीस अ. उ. आ.

भाजीने काही पेटलं नाही. रोज मेथी, बाजरीची भाकरी, कारळाची चटणी करून आधी तिला वाढते. ती ताट घेऊन कोपऱ्यात जाते आणि माझं जेवण होईपर्यंत थांबते. स्वतःचं नाव विसरली, ही सवय नाही विसरली. याचा मला आलेला राग या कागदावर मावणार नाही.

गेल्या सोमवारी तिच्यासमोर बसून केस विंचरत होते. तिने बराच वेळ पाहिलं, दुसरा कंगवा उचलला आणि स्वतःचा गुंता सोडवू लागली. माझा हात जिकडे, तिचा तिकडे. मग माझ्या गालाला बोट लावून म्हणाली, लई म्हातारी झाले गं मी. तेव्हा कळलं, मी तिचा आरसा आहे.

दुपारी ताट घेऊन मी तिच्यासमोर कोपऱ्यात बसले. आरशाने घास घेतला, तिनेही घेतला. कोणाच्या मागून नाही, बरोबरीने.

थकले आहे, पण येणार नाही. गिऱ्हाइकाला तसं कळवा. उद्या माझीही पाळी आली, तर समोर भीमी आहे, माझा आरसा.

मायेला खंड पडू देऊ नका, सल्ल्याला पडला तरी चालेल.

मावशी